न सोसलेली राळ

गुत्त्यावरच्या मारामारीत कोयत्याचा वार खाऊन आलेल्या ओताव्हियोच्या दंडाला मधमाश्या पाळणाऱ्या झुल्मिराने, माश्या झाडांवरून आणून पोळ्यात लिंपतात ती हिरवी राळ लावली. मिनास प्रांतातल्या त्या गावच्या निम्म्या जखमा तिच्याच पोळ्यांतल्या राळेने भरल्या होत्या. चौथ्या दिवशी तो दार लाथाडून आत घुसला. हात फोडांनी टरारला होता.

"चेटकिणी, विष घातलंस!" त्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. तिचा ओठ फुटला.

"मेल्या, आधी बघ तरी! जखम सुकलीय. फोड आलेत ते भोवतीच्या चांगल्या कातडीवर. तुला राळ सोसत नाही!"

त्याने पाहिलं. मूठ सैल पडली. तोंडातलं रक्त थुंकत तिनेच त्याचा हात धुऊन दिला. पुढे ती प्रत्येकाच्या मनगटाला आधी थेंबभर लावून दोन दिवस थांबायची. ओताव्हियोला मात्र तिने पुन्हा उंबरा ओलांडू दिला नाही.