नायट्रोजनच्या डब्यातलं शेवाळ

लातूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा शिवकन्या बावीस वर्षं सांभाळत होती. पदानं ती परिचर. पण महादेवप्पा सरांनी विहिरी, बारवा, तळी धुंडाळून आणलेली एकसष्ट जातींची जिवंत शेवाळं तिच्याच हातावर जगली. दर महिन्याला प्रत्येकाचा थेंब नव्या नळीत, ताज्या खाद्यात सोडायचा. एक खेप चुकली की शेवाळ पिवळं पडायचं. धाकट्या बहिणीच्या हळदीच्या दिवशीसुद्धा ती दोन तास कॉलेजात येऊन गेली होती.

सर निवृत्त होऊन मुखेडला गेले. पुढं विद्यार्थी आटले, विभाग बंद झाला आणि खोली रिकामी करायला तिला महिना मिळाला. तिनं सरांना फोन लावला.

"शेवाळ गोठवून ठेवता येतंय, ते मी शिकून आलो होतो," सर म्हणाले. "निळं-हिरवं हाय ते कागदावर वाळव, ते तग धरतं. बाकीच्याला वाळवणं सोसत न्हाई. त्याला द्रव नायट्रोजनच पाहिजे."

तिला शेजारच्या गल्लीतला अंगद आठवला. तो गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचा. वळूचं वीर्य त्याच्याकडं नायट्रोजनच्या डब्यात गोठवलेलं असे.

"ठेवा की ताई, जागा हाय," तो म्हणाला.

चोवीस जाती तिनं कागदावर वाळवल्या. उरलेल्या सदतीस ग्लिसरीनमध्ये मिसळून, बारीक नळ्यांत बंद करून, हळूहळू थंड केल्या आणि अंगदच्या डब्यात ठेवल्या. त्यांत सरांच्या शेतातल्या विहिरीचं एक शेवाळ होतं. ती विहीर रस्त्याच्या कामात बुजली होती, आणि दुसरीकडं ते सरांना कधीच सापडलं नव्हतं. आठवड्यानं तिनं त्याचीच एक नळी वितळवून पाहिली. सहाव्या दिवशी तळाशी हिरवं धरलं. हे तिनं फोनवर सांगितलं, तर सरांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मे महिन्यात अंगदच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. त्यांना घेऊन तो हैदराबादला गेला तो एकोणीस दिवस तिथंच अडकला. नायट्रोजन सारखा उडत असतो, त्यात भर घालावी लागते. परतल्यावर डबा घेऊन तो थेट तिच्या दारात आला. झाकण काढलं तर वाफ आली नाही.

"ताई, ध्यानातच राहिलं न्हाई."

"वडील कसे हायेत?"

"गेले."

तिनं त्याला आत बसवलं, पाणी दिलं.

तरी सगळ्या नळ्यांतलं शेवाळ तिनं खाद्यात सोडून खिडकीत ठेवलं. महिनाभर पाणी नितळच राहिलं. कागदावरची पण तिनं तशीच सोडून पाहिली; त्यांतली एकोणीस तेवढी हिरवी झाली.

मग एसटीनं ती मुखेडला गेली. सरांची नजर तोवर गेलेली होती.

"गोठवलेलं सगळं गेलं, सर. तुमच्या विहिरीचं पण."

सर धोतराच्या काठावरून बोटं फिरवत राहिले. "त्या पोराला काही बोललीस?"

"न्हाई."

"बोलू नको."

नंतर ते विहिरीबद्दल सांगू लागले. कितव्या पायरीला ते शेवाळ धरायचं, ओंजळीत कसं पसरायचं. इतकी वर्षं रोज पाहिलेलं शेवाळ, तरी ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी बसून राहिली.

पौषात सर वारले. एकोणीस जाती तिनं नांदेडच्या एका प्राध्यापिकेकडं सोपवल्या. तिनं यादी पुढं केली तेव्हा बाई म्हणाल्या, गेलेल्यांची नावं काढून टाका. शिवकन्यानं ती काढली नाहीत. प्रत्येकापुढं 'मेलं' असं लिहून तिनं तारीख घातली.