मेहुण्याची अदलाबदल

ओरेस्ट बोदनार उभा जन्म तांब्याच्या भट्टीवर राबला. निवृत्त झाला तेव्हा गावाने त्याला एक घड्याळ दिलं आणि वर चालवायला बर्फावरच्या हॉकीचा संघ. घड्याळ चालत होतं.

कॅनडातल्या उत्तर मॅनिटोबात हरणाऱ्या संघाच्या व्यवस्थापकाला किराणा आणायलासुद्धा मागच्या दाराने जावं लागतं. ओरेस्टने उपाय ठरवला: म्हातारे द्यायचे, तरणे घ्यायचे आणि दोन हंगाम मुकाट्याने मार खायचा. ड्राय पोर्टेज गावाच्या संघातली दोन तरणी पोरं मिळत होती. अडचण पगाराची होती. लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातलेली, आणि त्यातला सगळ्यात मोठा घास लॉर्न खायचा. लॉर्न म्हणजे कप्तान, वय छत्तीस, ओरेस्टच्या बायकोचा, डार्लीनचा, धाकटा भाऊ. त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठे धाडायचं नाही, अशी करारात अट होती. ती ओरेस्टनेच एका ख्रिसमसला, तिसऱ्या ग्लासानंतर, कबूल केलेली.

"त्याला तिकडे धाडलंस तर रविवारचं जेवणही तिकडेच जेव," डार्लीन म्हणाली. तरीही तो गेला. लॉर्न गॅरेजमध्ये स्नोमोबाइल खोलून बसला होता.

"दाजी, टोपी काढून आलात. म्हणजे काहीतरी घाण आहे."

"ड्राय पोर्टेजला जा."

"त्यांची बर्फाची रिंक बघितलीय? मासळी उतरवायची शेड आहे ती."

"तुझा निम्मा पगार आम्हीच भरायचा. पुरा द्यायला ते तयार नाहीत."

"म्हणजे मी निम्मा टाकाऊ."

"मला वाटलं पाऊण म्हणतील."

लॉर्नने पाना खाली ठेवला. "पगाराची मर्यादाबिर्यादा मला नका सांगू. खरं कारण तोंडावर सांगा, सही करतो."

भट्टीवरच्या कामचुकाराला सांगितलं असतं तसंच ओरेस्टने सांगितलं. "पकची चकती हातची गेली की तू मागे धावत नाहीस. कंबरेवर हात ठेवून उभा राहतोस, बस चुकल्यासारखा. गुडघे दुखतात म्हणशील. त्याच गुडघ्यांनी पुढे बरा पळतोस."

लॉर्नने चिंधीला हात पुसले.

"ताईला माहीत आहे हे?"

"तिनेच दाखवलं मला."

त्याने सही केली. कागदावर ग्रीसचा अंगठा उमटला.

जानेवारीत ड्राय पोर्टेजचा संघ गावात खेळायला आला. लॉर्नच्या बदल्यात मिळालेल्या दोघांपैकी कायल नावाचा पोरगा पक घेऊन एकटाच सुटला. समोर फक्त गोलरक्षक. आणि रिंकच्या पार दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी मान खाली घालून, बैलासारखं फुसफुसत आलं, कायलच्या काठीखालून पक काढला आणि परत फिरलं. लॉर्न.

"इथे होता तेव्हा कुठे होते हे पाय?" ओरेस्ट बोलला.

डार्लीनने सूर्यफुलाच्या बीचं टरफल कपात थुंकलं. "निम्मा पगार तूच भरतोस ना? मग निम्मी टाळी वाजव."

ओरेस्टने टाळी वाजवली नाही. तो खाली खेळाडूंच्या बाकाजवळ गेला. कायल काठी आपटून शिव्या देत होता.

"शिव्या घरी जाऊन दे," ओरेस्ट म्हणाला. "त्या म्हाताऱ्याने आत्ता काय केलं, बघितलंस? तू पुढे किती गोल करतोस ते मी विचारणार नाही. तेवढं मात्र रोज करायचं. नाहीतर तुझ्यासाठीही गाव शोधतो."

कायलने काठी उचलली आणि बर्फावर उतरला.