चिकटलेला रिले

दुकानदाराने मला फसवलं. जुना रिले, म्हणजे दिवा चालू-बंद करणारा विजेवरचा खटका, नवा म्हणून गळ्यात मारला. गावी आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिच्या ओसरीवरचा दिवा इथून मोबाइलने लावता यावा, असा स्विच मी मायक्रोकंट्रोलरची छोटी चिप आणि त्या रिलेवर घरीच जोडला. रोज संध्याकाळी बटण दाबून दिवा लावायचो, सकाळी विझवायचो. क्षणभराचं काम, तेवढंच माझं तिच्याकडे लक्ष. काल रिले चिकटला आणि दिवा विझेचना. चिडून फोन केला, तर आई म्हणाली, “असू दे रे. दिवसभर जळतोय. म्हटलं, आज कामातही माझी आठवण येतेय तुला.”

रिले मी भांडून बदलून घेईन. पण उद्या दिवा वेळेवर विझला की आईला काय सांगायचं, ते त्या दुकानदाराने येऊन सांगावं.