माझ्या पत्रावळीतली लाखोळी

"चाल," सर म्हणाले. "पुन्हा एकदा चाल."

माझा बाप पुन्हा चालला. काठी टेकत, टाचा वर, गुडघ्यावर गुडघा घासत. मालगुजाराच्या अंगणात, भर दुपारी. ओसरीवर कॉलेजची पोरं वह्या घेऊन बसली होती. मी बी त्यायच्यातलाच. पण ते वर सतरंजीवर, अन् मी खाली उन्हात, हातात टेप घेऊन. हा माणूस कोण, ते सरायले माहीत नव्हतं. शरदले माहीत होतं. शरद म्हणजे गावच्या जमीनदाराचा, मालगुजाराचा पोरगा, माझ्याच वर्गातला. तो हसला.

"सर, हा याचाच बाप आहे."

सर माझ्याकडं वळले. मले वाटलं, आता थांबवतील. बापाले खाली बसा म्हणतील.

"अरे वा. म्हणजे केस घरचीच. मग पोटऱ्यांचं माप तूच घे."

मी घेतलं. बापाच्या पायाजवळ उकिडवा बसलो, टेप गुंडाळली, आकडा मोठ्यानं सांगतला. बापानं माझ्याकडं पाह्यलं नाई. ओळख दाखवली तं पोराले कमीपणा येईन, असं वाटलं असंन त्याले. हे मले अजून जाळते. सरायचा राग मागून आला. आधी आला तो माझाच.

आमी डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी होतो. सर आहार अन् चयापचय यावर संशोधन करून राह्यले होते. माणूस काय खाते, अंगात त्याचं काय होते, अन् खाणं बदललं तं आजार हटते का, हे पाह्याचं. सावली तालुक्याच्या अंगच्या धानपट्टीत पाय आखडलेले लोक गावोगाव हायेत. धान कापाच्या आधी बांधीतल्या ओल्या चिखलात लाखोळीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. फुकटात येते. ढोरायले घालतात अन् आमाले घालतात. सरायचा संशय लाखोळीवरच होता. शरद म्हणाला, आमच्या गावी चला, राह्याची-खायाची सोय आमच्या घरी. सर खूश.

ते गाव माझं बी. माझा बाप त्याच घरचा सालदार. बाप राबे धानात, पण सालाचं धान्य म्हणून त्याच्या पदरात पडे लाखोळी. धान मालगुजाराच्या कोठीत, लाखोळी आमच्या मडक्यात. वरण तिचं, भाकर तिची. एक दिवस सकाळी बाप उठाले गेला तं पाय उठले नाई. तवापासून त्याच्या जागी माझी बहीण सखू जाते. आमी गावी आलो त्याच्या आधीच्या सुट्टीत मी घरी पाह्यलं, पाण्याचा गुंड घेऊन येताना तिच्या पायाची बोटं मातीत घासत होती. मी शिकून राह्यलो होतो तेच. हेच पहिलं लक्षण.

म्हणून मले सर भरणार होते तो आहाराचा तक्ता पाह्यजे होता. सरायच्या तक्त्यात लाखोळी आली तं कागद वर सरकारकडं जाईन, मजुरीत लाखोळी देणं बंद होईन, सखूचे पाय वाचतीन. मी एवढा भोळा होतो.

काम तीन दिवसाचं. घरोघरी जेवाच्या आधी अन्न तोलाचं, लिहून घ्याचं, रक्तदाब पाह्याचा, लघवीच्या बाटल्या जमा कराच्या. बाटल्या माझ्याकडं. काऊन, ते कोणी सांगतलं नाई. मी महाराचा, म्हणून सांगाची गरज बी नव्हती.

पहिल्याच दिवशी आमच्या चुलीवर तांदूळ अन् तुरीचं वरण. शेजारी तेच. पुऱ्या वस्तीत तेच. मी मायले बाजूले घेतलं. माय म्हणाली, काल मालगुजाराचा गडी आणून देऊन गेला, साहेब लोक येतीन तवा हेच रांधा म्हणे.

"अन् तू रांधलं?"

"पाव्हण्यापुढं लाखोळी कशी ठेवू रे बापू? लाज नाई का?"

आमच्याकडं रीतच हाय तशी. घरात काही नसन तरी पाव्हण्यापुढं चांगलंच ठेवाचं. उसनं आणाचं, पण ठेवाचं. मालगुजार याच मातीतला. त्याले हे पक्कं ठाऊक होतं. त्यानं धाक नाई दाखवला कोणाले. आमची लाजच कामाले लावली.

मी सरायले जाऊन सारं सांगतलं. त्यायनं चष्मा पुसला. "माझ्यासमोर तांदूळ तोलला गेला. मी आकडे मानतो, ऐकीव गोष्टी नाही." मंग हळूच म्हणाले, तुझ्या फ्रीशिपच्या अर्जावर सही बाकी आहे ना अजून. मी बाटल्या उचलल्या. दोन दिवस त्याच धुतल्या.

तिसऱ्या दिवशी सरायनं निष्कर्ष सांगतला. या गावात लाखोळी नाई. आजार पिढीजात, रक्तातलाच असावा. उपचार म्हणून आहार लिहून देला: दूध, अंडी, लिंबू. दूध! मालगुजाराच्या घरचं पाणचट ताक मिळालं तं आमची माय चार घरी सांगत फिरे.

आता माझ्या जेवणाचं ऐका. सर अन् पोरं ओसरीवर जेवत, पितळेच्या ताटात. मी गोठ्यात, गड्यायच्या पंगतीत, पळसाच्या पत्रावळीवर. मालगुजारीण वरून वाढे, हात न लागू देता. कनकीचा, तुकड्या तांदळाचा भात अन् वरण. मी डोकं खाली घालून खात होतो. तिसऱ्या दिवशी घास तोंडात अन् डोक्यात उजेड पडला. वरण लाखोळीचं होतं. तिन्ही दिवस लाखोळीचंच होतं, पण जन्मापासूनची चव, म्हणून ध्यानातच आलं नव्हतं.

मालगुजारानं वस्तीतल्या एक-एक चुलीवर तांदूळ पोचवला होता. आपल्या गोठ्यातला वरणाचा गंज मात्र राहून गेला. काऊन तं, गोठ्यात जेवणारा बी माणूस हाय अन् तो बी तोलला जाऊ शकते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाई.

मी पत्रावळ उचलली. त्या ओसरीच्या तीन पायऱ्या. माझा बाप नाई चढला कधी, माझा आजा नाई चढला. मी चढलो. तराजू मधात होता. मी पत्रावळ पारड्यात ठेवली.

शरद ओरडला, खाली उतर म्हणून. मालगुजार पाटावरून उठला. सर म्हणाले, "हे काय चालवलंस? तू इथे संशोधन करायला आलास. तू केस नाहीस."

"मापं घेताना केस घरचीच होती सर," मी म्हणालो. "आता घरचंच तोलून राह्यलो."

 वजनं मी नीट ठेवली, अन् सरायच्या तक्त्यावर आकड्यासकट शाईनं लिहिलं. पदार्थ: लाखोळीचं वरण. घर: मालगुजाराचं.

"आमच्या घरी लाखोळी शिजत नाही," मालगुजार म्हणाला.

दारात मालगुजारीण उभी होती, हातात भाताचं भगोणं. तिले बिचारीले काही समजलं नाई. ती म्हणाली, "अवो, रोजचंच तं हाय ते. गड्यायचं."

 सरायनं बी ऐकलं. मी त्यायच्या तोंडाकडं पाहत होतो. त्यायनं लाल पेन्सिल घेतली अन् माझी ओळ खोडली.

मी तो कागद ओढला. अर्धा माझ्या हातात आला, ओळ असलेला. तो घेऊन पायऱ्या उतरलो.

अर्जावर सही झाली नाई. दुसऱ्यायच्या वह्या उतरवून देत, एक वेळ जेवत, मी कॉलेज टिकवलं. सरायचा लेख छापून आला. त्यात शरदचं नाव होतं, अन् लाखोळीचं नव्हतं. पावसाळा लागाच्या आधी सखूच्या हातात काठी आली. बापाची जुनीच.

मायनं मात्र रीत मोडली. आता कोणी बी पाव्हणा येवो, माय त्याच्यापुढं लाखोळीचं टोपलं आणून ठेवते. खा नाई म्हणत. पाहा म्हणते.

गावचे शहाणे मले सांगतात, झालं ते झालं, सोडून दे बापू, त्यायच्याच सावलीत राह्याचं हाय. मी काही सोडलं नाई. तो अर्धा कागद माझ्या पेटीत हाय. लाल रेघेखालचे आकडे स्वच्छ वाचता येतात.

पुढच्या साली मी डॉक्टर होईन. पहिला कागद सखूचा लिहीन. रोग्याचं नाव, गाव, वय, लक्षणं. अन् कारणाच्या रकान्यात लाखोळी नाई लिहिणार. लाखोळीचं काय चुकलं? ती तं डाळ हाय. त्या रकान्यात मी मालगुजाराचं नाव लिहीन, त्याच्या बापाच्या नावासकट, पुरं. त्याच्या खाली सरायचं. मंग त्याच तीन पायऱ्या चढीन, अन् ओसरीवर उभा राहून मोठ्यानं वाचीन. ते जेवाले बसले असतीन तवाच.