घामाने तपासलेली दुलई

आमची मुलगी सावंगीला दवाखान्यात नर्स आहे आणि सुट्टी मिळाली की हिमालयात चालायला जाते. मागच्या खेपेला ती छातीत खोकला घेऊन आली. ‘थंडी वाजली’ एवढंच म्हणाली. बायकोने तिथेच फर्मान काढलं की तंबूत पांघरायची तिची दुलई नीट झाल्याशिवाय पुन्हा जायचं नाही. या मे महिन्यात निघायचा दिवस जवळ आला, तेव्हा दुलई माझ्याकडे आली.

वजनाला ती पपईएवढीही नव्हती. आत बदकाच्या पोटाची बारीक पिसं. आमचं घराणं आंजीचं, कापसातलं. रजईतला कापूस सरकू नये म्हणून आम्ही आरपार टाके घालतो. मी सुईत दोरा ओवलाही होता, तेवढ्यात मुलगी ओरडली, “बाबा, सुई नका लावू तिले! भोकातून पिसं निंगतीन.”

ती ड्युटीवर गेल्यावर मी दुलई खिडकीत उन्हासमोर धरली. कापड इतकं पातळ की आतलं सगळं दिसत होतं. या काठापासून त्या काठापर्यंत आडवे कप्पे होते, मधे अडसर नाही. उजवीकडे पिसांची दाट सावली, डावीकडे नुसता उजेड. माझं कुतूहल चाळवलं. पिसं आपोआप सरकली असती तर थोडी इकडे, थोडी तिकडे गेली असती. सगळ्या कप्प्यांतली एकाच बाजूला कशी गेली?

दुलई पलंगावर पसरून एकेका कप्प्यावर तळहाताने हलकेच थापट्या मारत मी निम्मी पिसं डावीकडे नेली. गुठळ्या चिमटीत सोडवल्या. आता खात्री कशी करायची? आमच्या नालवाडीत मे महिन्यात थंडी कुठून आणायची? मग उलटं सुचलं. भर दुपारी पंखा बंद केला आणि दुलई पांघरून पडलो.

“काऊन जी, डोकंगिकं फिरलं का?” बायको दारातून म्हणाली.

“घाम कुठी येत नाई ते पाहून राह्यलो.”

डाव्या खांद्याला घाम कमी होता. तिथे आणखी पिसं सरकवली, पुन्हा पडलो. शेवटी दोन्ही अंगं सारखी निथळली, तेव्हा मला भलताच आनंद झाला. बायकोनेही जायला हरकत नाही म्हटलं.

संध्याकाळी मुलगी आली. मी फुशारकीने सगळं सांगितलं आणि विचारलं, “पण सारी पिसं एका बाजूले गेली कशी?”

तिने आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग हळूच म्हणाली, “मीच सरकवली होती. तंबूत बाजूच्या पोरीची दुलई भिजलती, अन् तिले ताप होता. दोघी एकाच दुलईत झोपलो.”

“मंग तुह्या अंगावर काय होतं?”

“कापड.”

मला तिचा अभिमान वाटला आणि रागही आला. खरं सांगायचं तर राग जास्त आला.