तीन नंबरची जागा

अण्णा, म्हणजे माझे वडील, तोफखान्यात होते. तोफेवरच्या माणसांना तिथे नावानं नाही, नंबरानं हाक मारतात. निवृत्त होऊन नाशिकला आले, पण जित्याची खोड जाते कुठली! व्हॅनमध्ये बसलं की आधी गिनती. अण्णा ‘एक’, आई ‘दोन’, आणि मी एकदम ‘चार’. मध्ये अण्णा जरा थांबायचे, आरशातून मागच्या सीटकडे बघायचे. लहानपणी मला तो खेळ वाटायचा. अण्णांच्या तोफेवरचा तीन नंबर सुरगाण्याकडचा होता, डोंगरातल्या लढाईत गेला आणि अण्णांनीच त्याला पाठीवर घालून खाली आणलं, हे आईनं फार उशिरा सांगितलं. त्यानंतर मी मागे दाराला चिकटून बसू लागले. बाजूला हात ठेवायचीसुद्धा भीती वाटे, आणि स्वतःचा रागही येई.

गेल्या वर्षी भर दुपारी आईला धाप लागली. ओठ निळे पडले. देवळालीकडे तोफांचा सराव चालू होता, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. आईला कसंबसं मागच्या सीटवर निजवून मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. अण्णा म्हणाले, ‘एक.’ आईचा ‘दोन’ मीच म्हटला, मग माझा ‘चार’. अण्णांनी गाडी सुरू केलीच नाही.

‘तीन नंबर आला नाय अजून.’

‘अण्णा, आई मरेल हो!’

‘माणूस मागं टाकून मी निघणार नाय.’

किल्ली त्यांच्या मुठीत होती. शेवटी मी जीव खाऊन ओरडले, ‘तीन!’

अण्णांनी आरशात पाहिलं. माझ्या जन्माच्या वेळीही त्यांना इतका आनंद झाला नसेल. ‘आलास का रे,’ म्हणाले, आणि गाडी अशी हाणली की आम्ही वेळेत दवाखान्यात पोचलो.

आई वाचली. आठवड्यानं घरी आली आणि कोणाचं न ऐकता स्वतः चहा करायला उठली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. अण्णांनी कप घेतला, माझ्याकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले,

‘घरी कळवलंस का रे? तुझी आई वाट बघत असेल.’

आई समोरच बसली होती. माझ्याकडे एकटक बघत होती. खरं बोलायचा मला धीर झाला नाही.

‘आजच कळवतो,’ मी म्हणाले.