झाकणातलं अक्षर

शेलूबाजारात सैफुद्दीनचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, टपरीच. पण पन्नास वर्षं एकाच जागी बसायलाही नेट लागतो. नजर अधू झाली तेव्हा त्याच्या मुलीने, नाजिशने, डिजिटल मायक्रोस्कोप आणून दिला. लॅपटॉपला वायर जोडली की तिळाएवढा स्क्रू बोराएवढा दिसायचा. पहिले आठ दिवस सैफुद्दीनने त्याला नावं ठेवली आणि नवव्या दिवसापासून कुणाला हात लावू देईना.

कारण वेगळंच होतं. जुने घड्याळजी दुरुस्ती झाली की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने तारीख आणि करणाऱ्याचं एक अक्षर कोरत. सैफुद्दीनच्या अब्बांचं, अजहरमियांचं अक्षर होतं उर्दूतलं अलिफ. अब्बा गेले, मागे ना त्यांचा फोटो राहिला ना चिठ्ठी. आता जुन्या घड्याळांतली त्यांची पुसट अलिफं पडद्यावर बोटाएवढी दिसू लागली आणि सैफुद्दीन त्यांचे फोटो जमवू लागला. दर वेळी तो पडद्यावरच्या अलिफावरून बोट फिरवायचा. त्याची त्याला लाजही वाटत नसे.

एका दुपारी इंझोरीचे पुंजाजी आपल्या वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन आले. "जीप सुटाच्या आत देजो, सैफूभाई."

घड्याळ पाहताच सैफुद्दीन चपापला. चौदाव्या वर्षी त्याने पहिल्यांदा एकट्याने दुरुस्त केलेलं घड्याळ हेच. तेव्हा अब्बांनी ते हातातून ओढून घेतलं होतं. "राहू दे, तुह्या हातचं काम नाही हे." मागून त्यांनीच ते पुन्हा केलं असणार, असंच तो आजवर धरून चालला होता.

झाकण मायक्रोस्कोपखाली गेलं. गंजाच्या डागांत तारीख दिसली, अब्बांच्याच वळणाची. पुढे मात्र अलिफ नव्हतं, सीन होता, उर्दूतला 'स'. सैफूचा सीन. म्हणजे अब्बांनी काम तपासलं, पसंत केलं, पोराच्या नावावर लावलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. असला माणूस. सैफुद्दीनने फोटोचं बटण दाबलं, चित्र पडद्यावर थांबलं आणि तो बघतच बसला.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. पुंजाजींची चुळबुळ सुरू झाली. सैफुद्दीनने घाईघाईत पडद्यावरचं चित्र बंद केलं. फोटो तर निघालाच आहे, असं म्हणून हाताच्या सवयीने त्याने गंजलेलं झाकण आतून, अक्षरासकट, पॉलिशपेपरने घासून लख्ख केलं. घड्याळ इंझोरीला गेलं.

संध्याकाळी सीन दाखवायला त्याने नाजिशला फोल्डर उघडायला लावलं. त्यात अठरा अलिफं होती. सीन नव्हता.

"अब्बा, नुसता फोटो काढून होत नाही. सेव्ह करा लागते, किती खेपा सांगतलं तुमाले. काहून नाही केला?"

सैफुद्दीनने पडद्यावरच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं. चूक त्याचीच होती, डोळे भरून आले होते, आणि तरी इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"माह्या अब्बाचं अक्षर वाचून राह्यलो होतो, बेटा," तो म्हणाला.